विठाबाईंचा जबाब

शाळेत आज पोरं किती आली हे आम्हा मास्तरांना हजेरी घेतल्यावर कळायचं. विठाबाईंना ते प्रार्थनेच्या आधीच कळलेलं असायचं. वर्गाबाहेर चपला काढायच्या ही आमच्या शाळेची जुनी पद्धत. जमीन शेणाने सारवलेली होती तेव्हा ती सुरू झाली आणि पुढे फरशी आली तरी मोडली नाही. विठाबाई घंटा देऊन व्हरांड्यातून एक चक्कर मारायच्या आणि मुख्याध्यापकांच्या दारातून सांगायच्या, "आटवीत तीन कमी हायती सर. धनगरवाड्याची तिन्ही आल्याली न्हाईत. सम्राटच्या चपला न्हाईत, पर त्यो आलाय. अनवानी आलाय." मग आम्ही हजेरी घ्यायचो आणि आकडा तोच निघायचा. मधल्या सुट्टीत त्या न आलेल्या पोरांच्या घरी जाऊन यायच्या आणि आईबापांना चार शब्द सुनवायच्या. "पोरगी म्हशीमागं हिंडायला घातलीस व्हय रं?" असं त्यांनी एकदा गावच्या सरपंचालाच भर चौकात विचारलं होतं.

हे सांगणारा मी जोतीराम. याच शाळेत इतिहास-भूगोल शिकवतो. विठाबाईंबद्दल चार चांगली वाक्यं लिहिण्याचा खरं म्हणजे मला अधिकार नाही, पण दुसरं कोणी लिहील असंही दिसत नाही.

आमचं जांभूळटेक शाहूवाडीच्या डोंगरात आहे. शाळा आठवी ते दहावी, तीन वर्ग, पोरं सव्वाशेच्या आसपास. शाळा विनाअनुदानित. म्हणजे सरकारने शाळा चालवायला परवानगी दिली, पगार दिला नाही. पगार आज ना उद्या सुरू होईल या आशेवर आमच्यासारखी माणसं अशा शाळांत म्हातारी होतात. मी पहाटे दोन म्हशींचं दूध काढून डेअरीला घालायचो आणि मग शाळेत यायचो. आमचे गणिताचे सर लग्नसराईत वाढप्याचं काम करायचे. आणि वर्गात आम्ही दोघेही पोरांना सांगायचो की शिका, शिकलं की माणसाचं भलं होतं. पोरं हसत नव्हती हा त्यांचा चांगुलपणा.

शाळा ज्या चार गुंठ्यांवर उभी आहे ती जागा विठाबाईंच्या सासऱ्यांची. एकवीस वर्षांपूर्वी संस्थेचे अध्यक्ष उदयसिंहदादा शाळेसाठी जागा बघत आले तेव्हा गावात रस्त्याकडेचा सपाट तुकडा तेवढा एकच होता. दादांनी सासऱ्यांच्या सोप्यात बसून ताक पिता पिता शब्द दिला, जागा द्या, तुमच्या घरातला एक माणूस कायमचा शिपाई. म्हाताऱ्याने कागदावर अंगठा उठवला. त्या कागदावर जागा होती, शिपायाची गोष्ट नव्हती. विठाबाईंचा नवरा तीन वर्षं शिपाई होता. भाताच्या कापणीत त्याला नाग चावला आणि दवाखान्यात पोचायच्या आत तो गेला. तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विठाबाई येऊन घंटा देऊ लागल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, कोणी नको म्हटलं नाही. आपल्या घरातला हात थांबला की दुसरं कोणीतरी घंटेची हातोडी उचलणार, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

तेव्हापासून सोळा वर्षं त्या राबल्या. दिवाळीला दादांकडून एक साडी आणि एक पाकीट यायचं. त्यात काय भागणार? रविवारी आणि मे महिन्यात त्या दुसऱ्यांच्या शेतात रोजगाराला जायच्या. मुलगा शिरोलीला कारखान्यात रोजंदारीवर, तिकडेच राहायचा. घरी त्या आणि बारावी शिकलेली सून स्वप्नाली. "अनुदान आलं की माझी जागा पक्की हुईल. माझ्यामागं स्वप्नाली लागंल. सासऱ्याची जमीन तरी फुकट न्हाई गेली म्हनता येईल," हे त्यांचं पालुपद. आम्हीही मान डोलवायचो, कारण तेच आमचंही पालुपद होतं.

मग गेल्याच्या आदल्या वर्षी श्रावणात यादी आली. आमची शाळा अनुदानाच्या पहिल्या टप्प्याला पात्र ठरली होती. दिवाळीनंतर तपासणी होणार होती आणि तपासणीत मागची दोन वर्षं आणि चालू वर्ष, अशी रोजची हजेरी दाखवायची होती. सरकारच्या पोर्टलवर पोरांची नावं असतात, पण कोण कुठल्या दिवशी वर्गात होतं हे फक्त हजेरीपट सांगतो. शाळेत त्याला आम्ही कॅटलॉग म्हणतो. तीन वर्गांचे तीन वर्षांचे नऊ कॅटलॉग लोखंडी कपाटात होते. कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची.

खंडेनवमीला आपल्याकडे ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा होते. शेतकरी विळा-कोयता मांडतो, रिक्षावाला रिक्षाला हार घालतो. आमच्या शाळेत सरस्वतीच्या तसबिरीपुढे घंटेची हातोडी, खडूचा डबा, एक नकाशा आणि चालू वर्षाचा एक कॅटलॉग असं मांडायची रीत. नारळ दरवर्षी मुख्याध्यापक स्वतःच्या खिशातून आणायचे. कुतुबुद्दीन मुल्लाणी सर, शाळेच्या पहिल्या दिवसापासूनचे. पूजा चालू असताना ते दाराशी हात बांधून उभे राहायचे आणि प्रसाद मात्र सगळ्यांत आधी मागायचे.

त्या वर्षी विठाबाई म्हणाल्या, "एकच कॅटलॉग कशाला वो? ही नऊ भाकरी देनार म्हन्तासा, मंग नऊच्या नऊ मांडूया की."

मला ते फार आवडलं. मी हसत किल्ली त्यांच्या हातात दिली. "मांडा मावशी. कुंकू तेवढं जपून, नाहीतर तपासणीला साहेब म्हणतील पोरांच्या हजेरीवर हे काय सांडलंय." एवढा विनोद करायला मला सुचलं. कॅटलॉग परत कपाटात कधी जाणार हे विचारायला सुचलं नाही.

पूजा झाली, नारळ फुटला, पोरं खोबरं चघळत घरी गेली. दुपारी मुल्लाणी सर म्हणाले, "मावशी, कॅटलॉग आता कपाटात ठेवूया का?"

"आता न्हाई उचलायची सर. पूजेला बसल्याली हायती. उद्या दसऱ्याला उठवायची."

आमच्याकडे हे असंच आहे. खंडेनवमीला मांडलेलं हत्यार दसऱ्याआधी कोणी हलवत नाही. सर घुटमळले. त्यांनी जरा जोर केला असता तर विठाबाईंनी ऐकलं असतं, त्यांचा शब्द त्या कधी खाली पडू देत नसत. पण दुसऱ्याच्या पूजेत आपण कसं बोलायचं, हा सरांचा जन्माचा संकोच. "बरं, तुम्ही म्हणता तसं," म्हणाले. खोलीला कुलूप लावून आम्ही सगळे गेलो. आत समई तेवत होती. पूजेचा दिवा कोणी फुंकून विझवत नाही. तेल सरलं की तो आपला आपण शांत होतो.

पण उंदीर तेल सरायची वाट बघत नाहीत. तेलाच्या वासाला येऊन उंदीर पेटती वात ओढून नेतो, हे डोंगरातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. माझी आई झोपण्याआधी देवापुढच्या दिव्यावर जाळीची टोपली ठेवते ती त्याचसाठी. घरी ठाऊक असलेलं शाळेत कोणाच्या ध्यानात आलं नाही. दसऱ्याला सकाळी खोली उघडली तर आतून जळका वास आला. चौरंग अर्धा जळालेला, तसबिरीची काच तडकलेली, आणि कॅटलॉगच्या जागी काळी चवड. मी हात लावला तशी पानं भुरभुरली. दोन पुठ्ठ्यांचे कोपरे तेवढे शाबूत राहिले होते.

विठाबाई आपट्याची पानं घेऊन आल्या होत्या. त्यांनी आत बघितलं आणि उंबऱ्यातच बसल्या. "ह्ये माझ्या हातानं झालं," म्हणाल्या. नंतर जो कोणी आला त्याला त्या हेच सांगत राहिल्या. आमच्यातल्या कोणीही त्यांना खोडून काढलं नाही. किल्ली कोणी दिली हा विषय निघाला नाही आणि मीही तो काढला नाही.

उदयसिंहदादांचं ऑफिस कोल्हापुरात राजारामपुरीत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. मुल्लाणी सर आणि मी तिथे गेलो. सरांचं म्हणणं साधं होतं. पंचनामा करून घेऊ, जे झालं ते लिहून देऊ, बाकीचे कागद दाखवू.

दादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हिंदूंच्या पूजेत शाळेचं दप्तर जळालं, असं तुमच्या सहीनं लिहून देता? मुल्लाणी, उद्या पेपरात काय छापून येईल? गावात काय बोलतील? विचार केलाय काय?"

सरांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत दादांनी त्यांना त्यांचं आडनाव असं कधी ऐकवलं नव्हतं.

"नवीन लिहा," दादा मला म्हणाले. "दिवाळीची सुट्टी हाय न्हवं?"

खाली उतरून मी तिथल्याच एका दुकानातून नऊ कोरे कॅटलॉग घेतले. सुट्टीत आम्ही चौघे मास्तर शाळेत बसून तीन वर्षांची हजेरी लिहीत होतो. वेगवेगळी पेनं, वेगवेगळी अक्षरं. मुल्लाणी सर आजारी असल्याचं सांगून घरी थांबले. विठाबाई चहा करून द्यायच्या आणि मागे उभ्या राहून बघायच्या. त्यांना लिहिलेलं फारसं वाचता येत नव्हतं, पण नावं ओळखता यायची.

"मुस्कानला तवा हजर लावू नगा. तिची आज्जी गेल्ती, आठ दिस शाळंत न्हवती."

"मावशी, सगळे हजरच लावायचेत," गणिताचे सर वैतागून म्हणाले.

"सगळी कवा हजर हुती वो? एक तरी दिस सांगा."

शेवटी आम्ही त्यांना पुढ्यात बसवलं. रोप लावणीत कोण आठवडा आठवडा येत नव्हतं, कोणाला कावीळ झाली होती, कोण मामाच्या लग्नाला गेलं ते परतलंच नाही, सगळं त्यांनी सांगितलं आणि आम्ही लिहिलं. त्यांच्या खऱ्या गैरहजेऱ्यांमुळे आमचं खोटं चांगलं खरं दिसायला लागलं. मी त्यांची पाठ थोपटली. आपण काय करतोय हे त्यांना पुरतं कळलं होतं असं मला वाटत नाही. जळालेलं परत लिहितोय, एवढंच त्यांच्या लेखी होतं.

तपासणीला शिक्षण खात्याच्या संयोगिता मॅडम आल्या. सावकाश वाचणाऱ्या बाई होत्या. पानं उलटता उलटता म्हणाल्या, "हजेरी खरी वाटते. नाहीतर शाळा सगळीकडं हजर हजर लिहून ठेवतात." मी खूश झालो. मग त्यांनी दोन वर्षांपूर्वीचा कॅटलॉग उलटा केला आणि मागच्या पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे अगदी बारीक अक्षरात छापखान्याने छपाईचा महिना आणि साल टाकलं होतं. तपासणी चालू होती त्याच वर्षीचा जून.

"सर, छापायच्या आधी दोन वर्षं तुम्ही यात हजेरी कशी घेतली?"

मी इतिहासाचा मास्तर. सनावळ्या पाठ करून घेण्यात माझं आयुष्य गेलं, आणि नऊ पुठ्ठ्यांवरचं साल मी बघितलं नव्हतं.

बाईंनी आमच्यावर गुन्हा नोंदवला असता तर त्यांचं काही चुकलं नसतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाल्या, "मूळ दप्तर कसं गेलं, जबाबदार कोण आणि त्याच्यावर संस्थेनं काय कारवाई केली, याचा अहवाल महिन्याच्या आत द्या. नीट अहवाल असला तर परीक्षेच्या अर्जांवरून पटसंख्या धरता येते का ते बघते. पण पुन्हा असलं काही माझ्यासमोर आणू नका."

जबाबदार कोण, हे दोन शब्द दादांनी बरोबर उचलले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला एकट्याला राजारामपुरीला बोलावलं. जबाब टाइप होऊन, शाळेचा शिक्का बसून टेबलावर पडला होता. मी, विठाबाई, शाळेची शिपाई, शाळेचे नऊ कॅटलॉग कोणालाही न विचारता रद्दीवाल्याला विकले, त्यास मी एकटी जबाबदार आहे, मला कामावरून कमी करण्यास माझी हरकत नाही.

"दादा, विकले कुठं? जळाले की," मी म्हणालो.

"जळाले म्हटलं की किल्ली कुणाकडं होती, दिवा कुणी ठेवू दिला, मुख्याध्यापक काय करत होता, सगळं निघतं. मुल्लाणी जाईल, तू जाशील, शाळा यादीतनं जाईल. विकले म्हटलं की एक माणूस आणि एक चूक. विषय संपला." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तिचं पुढं बघू की. सुनेला तिच्या जागी घेऊ. तू सांग जा तिला, तुझं ऐकती ती. आणि मुल्लाणीला एवढ्यात काय बोलू नको."

मी जबाब पिशवीत घातला. नाही म्हणता आलं असतं. दादा मला काही मारणार नव्हते. पण सतरा वर्षं ज्याची वाट बघितली ते हाताशी आलं होतं, आणि माझी मुलगी कोल्हापुरात नर्सिंगला गेली होती, तिची फी थकली होती. ही कारणं मी नंतर पुष्कळदा उगाळली. त्यांनी मला बरं वाटलेलं नाही.

विठाबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या. मी सोप्यात बसलो आणि जबाब वाचून दाखवला. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"परत वाचा."

मी परत वाचला.

"दिवा मी लावला, त्ये लिवा. शंबर बार लिवा, मी सही करते. इकलं कसं लिवायचं सर? म्या काय इकलं?"

"मावशी, दिवा लिहिला तर मुल्लाणी सर अडकतात. त्यांनी कॅटलॉग तिथं राहू दिले म्हणून."

माझी किल्ली मी या वेळीही सांगितली नाही. सरांचं नाव पुढे केलं की बाई ऐकतील हे मला ठाऊक होतं आणि मी ते वापरलं. आतल्या दारात स्वप्नाली येऊन उभी राहिली होती. "आत्या, सही करू नगासा," ती सासूला म्हणाली. "गाव चोर म्हनंल."

विठाबाईंनी मांडीवरचा नाचणीचा कोंडा झटकला. "सरास्नी रिटायर व्हायला किती वर्सं ऱ्हायली?"

"दोन."

"हिला माझ्या जागंवर घेनार, त्ये ह्यात लिवलंय?"

"नाही. दादांनी शब्द दिलाय."

"सासऱ्यालाबी शब्दच दिलाता," त्या म्हणाल्या. रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं. मग सुनेला म्हणाल्या, "सात घरं हायती गं शाळंवर. आन् सरांचं म्हातारपन. द्या हिकडं."

सही त्या शाळेतच शिकल्या होत्या, फळ्यावर बघून. एकेक अक्षर थांबून थांबून काढलं. खाली साक्षीदार म्हणून मी सही केली. माझी एका झटक्यात झाली.

दादांच्या ऑफिसातून अहवाल परस्पर गेला, संयोगिता मॅडमनी परीक्षेच्या अर्जांवरून पट धरला, आणि पुढच्या वर्षी अनुदान मंजूर झालं. पाच शिक्षक, एक लिपिक, एक शिपाई. शिपायाच्या जागी नाव होतं राजवीरचं. हा दादांच्या गाडीवरचा ड्रायव्हर. मी स्वप्नालीचा विषय काढला तेव्हा दादा म्हणाले, "रेकॉर्डवर चोरी असलेल्या घरातली बाई शाळेत कशी घ्यायची? लोक काय म्हणतील?" रेकॉर्ड कोणी केलं हे मी त्यांच्या तोंडावर बोललो नाही. एसटीत बसून परत येताना बोललो, एकटाच.

मुल्लाणी सरांना कळलं ते सगळं झाल्यावर. विठाबाईंनी दिव्याचं कबूल केलं एवढंच त्यांना सांगितलं होतं. फाइल चाळताना त्यांनी जबाब वाचला आणि मला बोलावून म्हणाले, "जोतीराम, मला एकदा विचारायचं होतं." मी वाट बघत होतो की आता ते उठतील, शहरात जातील, खरं सांगतील. ते उठले नाहीत. महिन्याभराने त्यांनी तब्येतीचं कारण देऊन मुदतीआधी नोकरी सोडली आणि इचलकरंजीला मुलाकडे राहायला गेले. जाण्याआधी ते विठाबाईंच्या घरी गेले होते म्हणतात. दारापर्यंत जाऊन परत आले की आत बसले, मला ठाऊक नाही. मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडे आला.

जबाबाची बातमी फुटली आणि आगीबद्दल ऐकलेल्या गावानेही विठाबाईंना चोर म्हणायला वेळ लावला नाही. दुकानदार त्यांच्यासमोर रद्दीचा भाव विचारायचा आणि बाकड्यावरची माणसं हसायची. रोप लावायला गेल्या तेव्हा बायकांनी आपल्या डब्यांच्या पिशव्या उचलून पलीकडच्या बांधावर नेऊन ठेवल्या. ज्यांच्या पोरींना विठाबाईंनी हाताला धरून शाळेत आणलं त्याच या बायका. मी हे ऐकत होतो. एकदाही दुकानात उभा राहून म्हणालो नाही की अरे, गप्प बसा.

गेल्या महिन्यात त्या शाळेत आल्या. कामावरून काढल्यापासून पहिल्यांदाच. मी मुख्याध्यापकांच्या खोलीत बसलो होतो. त्या दाराबाहेर थांबल्या. "सर, एक कागद पायजे हुता."

पन्हाळ्याच्या बाजूला मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथे स्वयंपाकाला आणि देखरेखीला बाई हवी होती, राहायची सोय होती. या गावातून बाहेर पडायला त्यांना ती जागा हवी होती. "शाळंत सोळा वर्सं काम केल्याचा दाखला मागत्यात," त्या म्हणाल्या.

एवढं तरी आपण करू शकतो असं मला वाटलं, आणि खरंच बरं वाटलं. दाखल्यावर तारखा लागतात म्हणून मी कर्मचाऱ्यांची जुनी मस्टरं काढली. पहिलं बघितलं, दुसरं बघितलं, सोळाच्या सोळा टेबलावर पसरली. विठाबाईंचं नाव एकातही नव्हतं. पद मंजूर नाही तर नाव कशाला घालायचं, ही दादांची सूचना पहिल्यापासूनची. रोज सकाळी हेच मस्टर घेऊन विठाबाई आमच्यापुढे यायच्या, पेनाचं टोपण काढून द्यायच्या, आम्ही सह्या करायचो. तुमची सही कुठे आहे मावशी, असं सोळा वर्षांत आमच्यातल्या एकानेही विचारलं नाही.

"मावशी, मस्टरला तुमचं नावच नाही. नावाशिवाय दाखला कसा देऊ?"

त्यांना धक्का बसल्यासारखा दिसला नाही. जरा विचार करून म्हणाल्या, "त्या जबाबात हाय न्हवं? शाळेची शिपाई म्हनून. तुमीच वाचून दावलंतासा. शिक्काबी मारलाय. त्याची झेरॉक्स द्या."

"अहो, त्यात तुम्ही चोरी केली असं लिहिलंय."

"असू दे. काम करत हुते ह्ये तर लिवलंय. चोरीचं मी सांगीन त्यास्नी, खरं काय झालं त्ये."

खरं काय झालं ते. त्या सांगणार, आणि हातात माझ्या सहीचा कागद असणार. वसतिगृहाच्या बाई कोणाला तरी विचारणार, तो कोणाला तरी सांगणार, फाइल पुन्हा निघणार. जबाब माझ्या डाव्या हाताच्या ड्रॉवरमध्ये होता. झेरॉक्सचं मशीन पाठीमागे होतं, अनुदानानंतर घेतलेलं.

"लाईट नाही मावशी," मी म्हणालो.

माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता. त्यांनी वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी मस्टरं आवरायला लागलो.

"मंग येईस्तोर बसते," त्या म्हणाल्या आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या. सकाळचे साडेअकरा वाजले होते. मी दोनदा तासाला गेलो आणि दोनदा त्यांच्यासमोरून परत आलो. त्यांनी पुन्हा काही मागितलं नाही. पाचला शाळा सुटली तेव्हा त्या उठल्या, गुडघे चोळले आणि गेल्या. त्या दिवसभरात मला उठून पंखा बंद करावा एवढंही सुचलं नाही.